सड्यावरचं पाणी आमच्या विहिरीत येतं

मा. उच्च व तंत्रशिक्षण मंत्री,
महाराष्ट्र राज्य

सप्रेम नमस्कार.

आमची वाडी रत्नागिरी जिल्ह्यात, एका सड्याच्या, म्हणजे कातळाच्या पठाराच्या, पायथ्याशी आहे. वर सड्यावर मोठं शैक्षणिक संकुल आहे आणि माझी धाकटी मुलगी तिथेच शिकते. कॉलेज दाराशी आलं म्हणून तिचं शिक्षण झालं, हे मी कधीच विसरणार नाही. ते संकुल आम्हाला हवंच आहे. मात्र त्याच्या पाण्याची जबाबदारी कुणीतरी घ्यायला हवी.

कातळ वरून उघडाबोडका दिसतो, पण तोच आमची टाकी आहे. हा जांभा दगड सच्छिद्र असतो. त्याच्या भेगांतून पाऊस मुरतो, खालच्या चिकट मातीच्या थरावर अडतो आणि पायथ्याला झऱ्याने बाहेर येतो. आमची विहीर अशाच झऱ्यावर आहे. सासऱ्यांच्या वेळी तिला मे अखेरपर्यंत पाणी असायचं. आता वरचा कातळ जेसीबीने सपाट झाला, त्यावर इमारती, पार्किंग, पेव्हर ब्लॉक आले. कोकणात वर्षाला ३००० मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर म्हणजे एक लिटर. या हिशेबाने २००० चौरस मीटरच्या एका छपरावरून ६० लाख लिटर पाणी उतरतं. ते सगळं एका गटारातून आमच्या व्हाळात, म्हणजे ओढ्यात येतं, आणि एप्रिलमध्ये आम्ही टँकरची वाट बघतो.

सगळ्यात वाईट असतात मृगाच्या पहिल्या सरी. उन्हाळाभर पार्किंगमध्ये सांडलेलं तेल, मेसच्या मागचं खरकटं, नव्या इमारतीसाठी उकरलेली माती, सगळं त्या दोन-तीन दिवसांत खाली येतं. गेल्या जूनमध्ये विहिरीवर तवंग होता, कळशीला तेलाचा वास येत होता. आठ दिवस आम्ही बायकांनी पलीकडच्या वाडीतून पाणी वाहिलं. व्हाळ पुढे खाडीला मिळतो. ओहोटीला जिथे आमच्या बायका तिसऱ्या (खायच्या शिंपल्या) काढतात, तिथे आता लाल गाळ बसतो.

आम्ही संकुलाच्या कार्यालयात गेलो. "हे पावसाळी गटार आहे, सांडपाण्याचं नाही," असं सांगितलं गेलं. पण मेसची भांडी त्याच गटाराशी धुतली जातात, हे आम्ही डोळ्यांनी पाहिलं आहे. पाणी प्रदूषण प्रतिबंधाचा १९७४ चा कायदा ओढ्यात किंवा विहिरीत घाण सोडायला मनाई करतो, आणि त्यात जमिनीखालचं पाणी आणि भरती-ओहोटीचं पाणीही येतं. मग गटाराचं नाव काय आहे याने काय फरक पडतो?

सड्यावरच्या कुठल्याही कॉलेजच्या इमारतीला निधी मंजूर करताना पाण्याचा आराखडाही मागा, एवढी माझी विनंती आहे. छपराचं पाणी स्वच्छ असतं, ते कातळात मुरवा किंवा साठवा. दापोलीच्या कृषी विद्यापीठाने आंबा-काजूच्या बागांसाठी जलकुंडं, म्हणजे पावसाचं पाणी साठवायचे अस्तर लावलेले खड्डे, करून दाखवली आहेत, मग कॉलेजच्या बागेला तेच का नको? पार्किंगचं पाणी मात्र थेट शोषखड्ड्यात सोडू नका. जांभ्याच्या भेगांतून ते गाळलं न जाताच विहिरीत उतरतं. ते आधी गाळकुंडात थांबू दे, मग गवताच्या चरातून पुढे जाऊ दे. मेसच्या तेलाला वेगळा चेंबर हवा. प्रयोगशाळेतली रसायनं बेसिनमध्ये ओतायची नाहीत, ती कॅनमध्ये साठवून नियमाप्रमाणे विल्हेवाटीला पाठवायची. मे संपायच्या आत उकरलेली माती झाकलेली असावी. आणि सड्याचा काही भाग तसाच, कातळ म्हणून राहू द्यावा.

येत्या जूनमध्ये, पहिली सर पडेल त्या दिवशी, आपल्या खात्याचा एक अभियंता आमच्याकडे पाठवा. संकुलाच्या गेटपासून व्हाळाच्या कडेने खाडीपर्यंत मी त्याच्याबरोबर चालेन. विहिरीचं पाणी त्यानेच बाटलीत भरून तपासायला न्यावं.

आपली,
सड्याखालच्या वाडीतली एक आई