बाबांच्या प्रश्नाबद्दल

नाशिक

ती. आई-बाबांना,
शि. सा. नमस्कार.

फोनवर बाबांना अर्धं ऐकू येतं आणि उरलेलं अर्धं ते मनानेच भरून घेतात, म्हणून पत्र लिहितोय. आई, तू मोठ्याने वाचून दाखव. शुगरचा विषय शेवटी आहे, तो गाळू नकोस.

बाबा, परवा तुम्ही विचारलंत, "देव आहे ना, मग त्याला हे बघवतं कसं?" टीव्हीवर गाझातली लेकरं, युक्रेनमधली पडलेली घरं, आणि त्यात वस्तीवरच्या त्या पोराने कर्जापायी जीव दिला. तेव्हापासून तुम्ही भजनाला गेला नाहीत, टाळ खुंटीलाच आहेत, असं आई म्हणाली.

माझ्याकडे उत्तर नाही. पण लोक देतात त्यातलं एक उत्तर मला बिलकूल पटत नाही, ते म्हणजे मागच्या जन्मीचे भोग. २१ एप्रिल २०२१ आठवा. इथे नाशकात एका रुग्णालयाच्या ऑक्सिजन टाकीला गळती लागली, दाब उतरला आणि त्या एका दिवसात २२ रुग्ण गेले. इतक्या माणसांचे भोग एकाच टाकीपाशी कसे येऊन थांबतील? ज्याने देखभाल करायची, तपासायचं, त्याला विचारायचं सोडून आपण गेलेल्यांचाच हिशेब काढायचा, ही कसली श्रद्धा? मागे एका कीर्तनात महाराज असंच काही सांगत होते, तेव्हा मी उठून चपला शोधायला लागलो होतो. तुम्ही रागावला होतात.

औषधाच्या दुकानात रोज जे बघतो, ते सांगतो. सिव्हिल हॉस्पिटल जवळ असल्याने सुरगाणा, पेठ, त्र्यंबककडची माणसं येतात. तिकडे पावसाळ्यात धो धो पाऊस आणि उन्हाळ्यात बायका विहिरीच्या तळाशी वाटीने पाणी भरतात, हे तुम्हाला ठाऊक आहे. मागच्या आठवड्यात तिकडचे एक आजोबा चिठ्ठी घेऊन आले. पिशवीतून दहा-दहाच्या नोटा काढून काउंटरवर सरळ करत होते. मोजून झाल्या आणि म्हणाले, "भाऊ, यातली कुठली सोडली तर चालंल?"

हा प्रश्न मला बरेच जण विचारतात, फक्त एवढ्या सरळपणे नाही. मी चिठ्ठी पाहिली. अँटिबायोटिक सोडून चालणार नव्हतं, ते अर्धवट घेतलं तर आजार उलटतो. डॉक्टरांना फोन लावला. ते म्हणाले, टॉनिक राहू द्या, आणि त्याच औषधाची स्वस्त जेनेरिक गोळी चालेल. मग कोर्सापुरत्या गोळ्या स्ट्रिपमधून कात्रीने कापल्या. कापताना एक्स्पायरीची तारीख असलेली बाजू दुकानात ठेवायची असते, म्हणून पाकिटावर तारीख पेनने लिहिली. आजोबांना वाचता येत नव्हतं, तर सकाळच्या गोळीसाठी सूर्य काढला आणि रात्रीच्या गोळीसाठी चंद्र. चंद्र इतका वाकडा आला की आजोबा म्हणाले, "ही केळी व्हय?"

बाबा, त्या दहा मिनिटांत देवाने बघितलं की नाही, हे मला कळलं नाही. पण त्या वेळी हा प्रश्न मनात आलाही नाही.

आता तुम्ही म्हणाल, गोळ्या कापून जग सुधारतं का? नाही सुधारत. मार्च २०१८ चा शेतकऱ्यांचा मोर्चा आठवतो ना? ६ तारखेला इथल्या सीबीएस बसस्थानकावरून मुंबईकडे निघाला. साधारण १८० किलोमीटर, कितीतरी आदिवासी बाया अनवाणी. मुंबईकरांनी पाणी, बिस्किटं, चपला दिल्या, आणि मोर्चेकरी शेवटच्या टप्प्यात रात्रीतूनच आझाद मैदानापर्यंत चालले, कारण सकाळी दहावीच्या पोरांचा पेपर होता. ज्यांचे पाय फुटले होते त्यांनी परक्यांच्या पोरांचा विचार केला. हे आठवलं की मला अजून भरून येतं. तरीही त्यांना चपला नको होत्या, कसत असलेल्या जमिनीचे वनपट्टे हवे होते. चपला देणाऱ्याने ते विसरू नये.

आणि श्रद्धेचं म्हणाल तर काळाराम मंदिरही आपल्याच नाशकातलं. २ मार्च १९३० ला डॉ. आंबेडकर आणि दादासाहेब गायकवाड यांच्या नेतृत्वाखाली दलितांना आत प्रवेश मिळावा म्हणून माणसं दारापाशी उभी राहिली, सत्याग्रह पुढे काही वर्षं चालला, आणि दार बंद ठेवणारे स्वतःला भाविकच म्हणवत होते. म्हणून 'श्रद्धा ठेवा' एवढंच कुणी म्हटलं की मला पुरत नाही. दाराच्या कुठल्या बाजूला उभं राहून, तेही सांगा. आपल्या घरी निवृत्तिनाथांच्या पालखीच्या वेळी आई पिठलं-भाकरी वाढायची तेव्हा तिने कुणाची जात विचारली नाही. आजी विचारायची, हेही खरं आहे. म्हणजे एका चुलीपाशी दोन्ही श्रद्धा होत्या, आणि मी आईची उचलली.

तेव्हा देवावर रुसायचं तर खुशाल रुसा. पण भजनाला जा, तिथे चार माणसं भेटतात. बातम्या संध्याकाळी एकदाच लावा. दिवसभर तेच ते बघून गाझातल्या एकाही लेकराला घोटभर पाणी मिळत नाही. वस्तीवरच्या त्या पोराच्या घरी मात्र जा. त्याच्या बायकोला मदतीच्या अर्जासाठी तहसीलमध्ये जावं लागेल. सातबारा, कर्जाचे कागद, दाखले जमवावे लागतील. तुम्ही आयुष्यभर लोकांचे अर्ज लिहून दिलेत, तुमचं अक्षर तिथे कामी येईल. सांत्वनाचं फार बोलू नका, तिला ते सगळेच सांगत असतील. तिच्या मुलांच्या वह्या-दप्तराचं मी बघतो, पैसे आईच्या खात्यावर पाठवलेत. तिला मात्र 'कुणीतरी दिले' एवढंच सांगा.

आई, आता तुझं. जेवणाआधीची गोळी जेवणाआधीच घ्यायची, आणि ती घेतलीस की जेवण टाळायचं नाही. एकादशीला काय करायचं, ते डॉक्टरांना विचारून मग ठरव. परस्पर गोळी बंद करू नकोस. पुढच्या शनिवारी येतो. बाबांच्या कानाच्या मशीनचे सेल घेऊन येईन, नाहीतर पुढचं पत्रही तुलाच वाचावं लागेल.

तुमचा,
धाकटा