जुन्या बसची पाटी बदलताना

मा. संपादक,
स. न. वि. वि.

जुनी बस घेऊन तिचे हॉटेल, वाचनालय किंवा फिरते घर करणारे हौशी लोक बॉडी, सीट आणि रंगावर सढळ हाताने खर्च करतात. कपाळावरची गावाच्या नावाची पेटी मात्र भंगारात जाते आणि तिथे सरकत्या लाल अक्षरांचा बोर्ड बसतो. पेटीतले कापड कुजलेले दिसते, एवढेच त्याचे कारण. पेटी, दोन्ही रूळ आणि हँडल शाबूत असेल तर नवी गुंडाळी, म्हणजे गावांची नावे लिहिलेली आणि हँडल फिरवले की एका रुळावरून दुसऱ्यावर जाणारी कापडी पट्टी, कोल्हापूर-इचलकरंजीतच तयार होते. एसटीच्या जुन्या गाडीवर पत्र्याची रंगवलेली पाटीच शोभते. आम्ही लिहितो आहोत ते मुंबईच्या बेस्टसारख्या जुन्या शहरी गाड्यांच्या कापडी गुंडाळीबद्दल.

जुने कापड ओरबाडून काढू नका. ते कोणत्या बाजूने गुंडाळले आहे, काचेकडे कोणती बाजू येते आणि दोन नावांत किती काळी जागा आहे, हे आधी टिपून घ्या.

फ्लेक्स वापरू नका. उन्हात पेटी तापते, फ्लेक्सचे थर एकमेकांना चिकटतात आणि एकदा पडलेला बाक जात नाही. इचलकरंजीचे साधे मांजरपाट घ्या. रात्रभर पाण्यात ठेवून धुण्याच्या सोड्यात उकळा, म्हणजे खळ निघेल. खळ राहिली तर पावसाळ्यात तिच्यावरच बुरशी धरते. कापड आटते, म्हणून दहा टक्के जास्त घ्या. काचेची उघडी जागा ३६ बाय १० इंच असेल तर कापड ३८ इंच रुंद आणि प्रत्येक नावाला १२ इंच. बारा नावांचे १२ फूट, दोन्ही टोकांना रुळावरच्या वेढ्यांसाठी दीड-दीड फूट, असे १५ फूट. सव्वा इंची रुळावर हे सगळे गुंडाळले की जाडी दोन इंचांच्या पुढे जाते, तेवढी जागा पेटीत आहे का ते आधी पाहा.

खरी गफलत अक्षरांत होते. इंग्रजी पाटीच्या मापाने देवनागरी बसवली की वेलांटी वर कापली जाते, नाहीतर उकार खाली. दहा इंचांत शिरोरेषेपासून तळापर्यंत ५ इंच, वर मात्रा-अनुस्वाराला २, खाली उकाराला २ आणि वर-खाली अर्धा-अर्धा इंच मोकळा. ‘गगनबावडा’ला वर-खाली काहीच नाही म्हणून ते मोठे काढायचा मोह होतो. तसे करू नका. सगळ्या नावांची शिरोरेषा एकाच उंचीवर हवी, नाहीतर हँडल फिरवताना नावे उड्या मारतात. ‘नरसोबाची वाडी’ मावत नसेल तर तेवढेच नाव त्याच उंचीत चेपून लिहा. मागून उजेड आला की पांढरी रेघ फुगते आणि क, ळ, श यांच्या गाठी बुजतात, म्हणून गाठी मोकळ्या ठेवा. हे भान संगणकातल्या तयार अक्षराला नसते. अक्षरे पेंटरकडूनच काढून घ्या. चित्रकार-चित्रपटकार बाबुराव पेंटरांच्या कोल्हापुरात असा हात अजून मिळतो.

अक्षर कोऱ्या कापडाचे राहते आणि भोवतीचा भाग स्क्रीनने काळा छापायचा. कापडावर छापायचीच शाई घ्या; ऑइलपेंट गुंडाळताना तडकतो. दोन पातळ हात द्या, मग कापड उन्हाकडे धरा आणि सुईच्या टोकाएवढे उजेडाचे ठिपके दिसतील ते बुजवा. काळी शाई कडेपर्यंत ओढली की सूत निघत नाही. कडा दुमडून शिवू नका, गुंडाळी दोन्ही टोकांना जाड होते आणि मध्ये झोळ पडतो.

रुळावर कापड आधी मधोमध एकाच पितळी खिळ्याने अडकवा आणि हाताने दहा वेढे द्या. कड एका बाजूला सरकली तर काटकोन चुकला आहे. खिळा काढून पुन्हा लावा. रूळ ज्यांत फिरतात ते बुश झिजले असतील तर कोल्हापूरच्या उद्यमनगरात लेथवर गनमेटलचे करून मिळतात. तिथे ग्रीस भरू नका, ते कापडावर उतरते. ग्रॅफाइटची पूड पुरते. रुळाच्या टोकांना नमद्याचे वॉशर हवेतच. ते नसले की धक्क्यांनी कापड सैल पडते आणि काचेला घासते.

जुने बल्ब कापड करपवतात, तेव्हा एलईडी पट्टी लावा. १२ व्होल्टची पट्टी २४ व्होल्टच्या गाडीवर जळते. इंजिन चालू असताना तर दाब २८ व्होल्टपर्यंत जातो. म्हणून २४ चे १२ व्होल्ट करणारा कन्व्हर्टर आणि २ अँपिअरचा फ्यूज घाला. पेटी आतून पांढरी रंगवून पट्टीचा उजेड मागच्या भिंतीवर पाडा, म्हणजे कापडावर ठिपके दिसत नाहीत. पट्टी पिवळसर उजेडाचीच घ्या.

काचेचे रबर बदला, पेटीच्या तळाला पाणी निघायला दोन भोके ठेवा. पावसाळ्यात आठवड्यातून एकदा, उघडीप असताना, गुंडाळी पहिल्यापासून शेवटच्या नावापर्यंत फिरवा. ओली असेल तर हात लावू नका.

एक नाव ‘खासगी’ असे ठेवा आणि रस्त्यावर निघताना तेच पुढे आणा. ‘गगनबावडा’ तसेच राहिले तर कोल्हापूरच्या रंकाळा स्टँडजवळचा प्रवासी तुमच्या गाडीला हात करतो आणि तेवढ्यात त्याची एसटी निघून जाते.

आपले,
जुन्या गाड्यांची डागडुजी करणारे कारागीर, कोल्हापूर