घाटावर राबलेल्या हातांचे आभार

कृष्णेचं पाणी ओसरलं आणि वाईच्या गणपती घाटावर घोटाभर गाळ उरला. ढोल्या गणपतीचं देऊळ १७६२ सालचं. पुराचं पाणी दोन्ही बाजूंनी फाटून जावं म्हणून मागची भिंत माशाच्या आकाराची केलेली. पायऱ्यांवरचा गाळ मात्र माणसांनाच उपसावा लागतो. तो उपसणाऱ्या नगरपालिकेच्या सफाई कामगारांचे आणि फावडी घेऊन आलेल्या पोरांचे मनापासून आभार. दगडांच्या सांध्यात अडकलेल्या चिंध्या, निर्माल्याच्या पिशव्या त्यांनी बोटांनी ओढून काढल्या. नाश्त्याचं विचारलं तर ‘चहा चालेल’ म्हणाले (साखर जास्त!), आणि नाव न सांगताच गेले. कृष्णाबाईच्या उत्सवाआधी घाट पुन्हा धुवायचाय. हातमोजे आमच्याकडून, आणि यंदा खराटा धरायला आम्हीही येतोय.