जूरीत कोण बसणार हे कोण ठरवतं?

प्रिय मन्या,

परवा फोनवर तू म्हणालास ना, आपल्याकडे जूरी परत आणा, साध्या माणसांना ठरवू दे, तेव्हा मी गप्प बसलो कारण तू एकदा सुरू झालास की मध्ये बोलायची सोय नसते. आता ऐक.

नौदल अधिकारी नानावटीचा जूरीपुढचा खुनाचा खटला राहू दे, तो सगळ्यांनाच पाठ आहे. अमेरिकेतल्या मिसिसिपीत विनोना म्हणून छोटं गाव आहे, निम्म्याहून जास्त वस्ती काळ्यांची. १९९६ मध्ये तिथे फर्निचरच्या दुकानात चार खून झाले, कर्टिस फ्लॉवर्स या काळ्या माणसाला धरलं आणि डग इव्हान्स या एकाच सरकारी वकिलाने त्याच्यावर तोच खटला सहा वेळा चालवला. सहा वेळा रे! पहिल्या जूरीत बाराच्या बारा गोरे. दोषी. चौथ्यात पाच काळे आले तर एकमतच होईना. सहाव्यात परत अकरा गोरे एक काळा, आणि देहदंडाची शिक्षा.

हे जमतं कसं? तिथे वकिलाला जूरीसाठी बोलावलेल्यांच्या यादीतली काही नावं कारण न देता खोडता येतात. रंग बघून खोडायचं नाही असं सुप्रीम कोर्टाने १९८६ मध्येच सांगितलंय, पण कोणी हरकत घेतली की दुसरं काहीतरी कारण पुढे करायचं, झालं. एका काळ्या बाईला काढताना एक कारण काय दिलं, तर आरोपीचे वडील जिथे कामाला तिथेच वॉलमार्टमध्ये तीही होती. अरे एवढ्याशा गावात कोण कोणाला ओळखत नाही? गोऱ्यांच्याही ओळखी होत्याच की, त्यांना कोणी खोदून विचारलं नाही. सहाव्या खटल्यात खोडलेल्या पाच काळ्यांना मिळून १४५ प्रश्न आणि जूरीत बसलेल्या अकरा गोऱ्यांना मिळून १२. सहाही खटले धरले तर ज्या ४२ काळ्यांना खोडायची संधी होती त्यातल्या ४१ जणांना खोडायला बघितलं. हे आकडे सुप्रीम कोर्टाने २०१९ मध्ये निकालात मांडले, शिक्षा रद्द केली, २०२० मध्ये सरकारने आरोप मागे घेतले. तोवर जवळजवळ तेवीस वर्षं माणूस आत.

आणि लांब कशाला जायचं, १९०८ चा टिळकांचा खटला घे. लेख केसरीतले, मराठी, आणि मुंबई हायकोर्टात जूरीत सात युरोपियन नि दोन पारशी. निकाल सात विरुद्ध दोन. सहा वर्षं मंडाले. गंमत म्हणजे जज दावर हे भारतीय माणूस, १८९७ मध्ये टिळकांचेच वकील होते, त्याने काडीचा फरक पडला नाही.

तू म्हणशील जज तरी कुठे आभाळातून पडतो, त्यालाही जात असते, नातेवाईक असतात. मान्य. पण त्याला निकालात कारणं लिहावी लागतात आणि अपिलात त्याच्यावर बोट ठेवता येतं. जूरी 'दोषी' म्हणते आणि घरी जाते. आपल्या तालुक्याला, जिथे कोण कोणाच्या आळीतलं हे आडनावावरून कळतं, तिथे बारा जणांची यादी कोण करणार नि त्यातली नावं कोण खोडणार एवढं सांग, मग तुझ्या जूरीचं बघू.

वहिनींना नमस्कार.

तुझा,
बाळ्या