चेन्नईतल्या मैलापूरच्या मावशींना नागपूरहून पत्र

तीर्थस्वरूप मावशींना साष्टांग नमस्कार.

तुम्हाला मराठी बोलता येतं, पण देवनागरी वाचायची सवय राहिली नाही, असं तुम्हीच सांगितलं होतं. तेव्हा हे पत्र फोनवर वाचून दाखवीनच. तरी सगळ्यांसमोर लिहितेय, कारण आमच्या नागपूरचे कितीतरी आईबाप आता डिसेंबरात पोरांकडे चेन्नई-बंगलोरला जातात आणि मॉल बघून परत येतात. त्यांच्याही कानावर जाऊ द्या.

मार्गळी या तमिळ महिन्यात चेन्नईला जाऊन कर्नाटक संगीताचं गाणं ऐकायचं, हे माझ्या मनात फार वर्षांचं. डिसेंबरच्या मध्यापासून जानेवारीपर्यंत त्या शहरातल्या सभांमध्ये, म्हणजे गाण्याच्या संस्थांमध्ये, सकाळपासून रात्रीपर्यंत मैफली चालतात, हे ऐकून होते. लेकाला तिकडे नोकरी लागली आणि आम्ही जीटी एक्सप्रेस पकडली. पोचलो, आणि गाणं काही हाती लागेना!

लेकाच्या ओळखीतल्या एका टूरवाल्याने ‘संगीत संध्या’ म्हणून समुद्रकाठच्या रिसॉर्टवर नेलं. तिथे एक मुलगा ट्रॅक लावून हिंदी सिनेमाची गाणी म्हणत होता. पैसे जेवणासकट घेतले, आणि जेवणात पनीर. मग एका मोठ्या सभेच्या दाराशी गेलो, तर बिल्ला लावलेल्या गृहस्थांनी “सीझन तिकीट, सीझन तिकीट” म्हणत माशी हाकलावी तसा हात हलवला. दुपारी इथेच फुकट ऐकता येतं, हे सांगायला त्यांना किती श्रम पडले असते? वर लेकाच्या ऑफिसातला एकजण म्हणाला, “आंटी, ते तेलुगू-संस्कृतमध्ये असतं, तुम्हाला काय कळणार?” अरे बावा, ख्यालातली ब्रज तरी आम्हाला कुठे कळते! वसंतराव देशपांडे सभागृहात बसून जन्मभर माना डोलावल्याच ना?

शेवटी कपालीश्वराचं दर्शन घेऊन जवळच्याच एका सभेच्या कँटीनमध्ये शिरलो. सभेत जायला तिकीट लागो न लागो, कँटीनमध्ये कोणीही जाऊ शकतं, एवढं एव्हाना समजलं होतं. आमचे हे म्हणाले, “निदान कॉफी तरी पिऊ, तेवढंच गाण्याच्या जवळ.” आणि शेजारच्या टेबलावरून तुम्ही मान वळवून चक्क मराठीत विचारलंत, कोणत्या गावचे?

ह्यांच्या हातातला कॉफीचा पेला हिंदकळला, ते तुम्ही पाहिलंत. तंजावरच्या भोसल्यांचं राज्य व्यंकोजीराजांपासून 1855 पर्यंत चाललं, आणि त्यागराज, दीक्षितर, श्यामाशास्त्री हे कर्नाटक संगीतातले थोर रचनाकार तिघेही त्या राज्याच्या काळात तिरुवारूरला जन्मले, हे मी वाचलेलं होतं. पण त्या मुलखातलं मराठी घर समोर बसून डोसा खातंय आणि आपल्याला आणखी चटणी घ्या म्हणतंय, हे निराळंच.

तुमच्याकडून पाच मिनिटांत जे कळलं, ते बाकीच्यांनी आम्हाला कळूच दिलं नव्हतं. बऱ्याच सभांत दुपारच्या मैफली फुकट असतात, नवी मुलंमुली गातात; संध्याकाळी नावाजलेले कलाकार आणि तिकीट. “दुपारी गाणं ऐकायला या, संध्याकाळी साड्या बघायला,” असं म्हणून तुम्हीच मोठ्याने हसलात. हा सगळा थाट डिसेंबरातच का, तेही सांगितलंत: 1927 च्या डिसेंबरात मद्रासला काँग्रेसचं अधिवेशन झालं, त्याच्या जोडीने संगीत परिषद भरली, आणि त्यातून 1928 मध्ये म्युझिक अकॅडमी निघाली. ट्रिप्लिकेनची पार्थसारथी स्वामी सभा तर 1900 सालची. मी नुसती ऐकत होते. मग हातातली पिशवी सावरत तुम्ही उठलात आणि आम्हाला घेऊन आत गेलात. आत तुमच्या शेजारच्या दोन खुर्च्यांवर आधीच रुमाल टाकलेले होते, कुणा मैत्रिणींसाठी. ते तुम्ही उचलून पिशवीत घातलेत. त्या मैत्रिणींना काय उत्तर दिलंत, देव जाणे.

आता खरी गोष्ट.

गाणारी मुलगी विशीतली असेल. व्हायोलिन, मृदंगम्, घटम्. कल्याणी राग सुरू झाला तेव्हा मी “यमन!” म्हणून पुटपुटले, तोवर सगळं ठीक होतं. पण ताल! सगळं सभागृह मांडीवर हात आपटत होतं, बोटं मोजत होतं, आणि मला काही थांग लागेना. तुमचाही हात तुमच्या मांडीवर चालू होता. तुम्ही माझ्याकडे पाहिलंतसुद्धा नाही. फक्त तो हात उचललात आणि आपल्या दोघींमधल्या खुर्चीच्या दांड्यावर आणून ठेवलात. तळहाताची एक थाप, मग करंगळी, अनामिका, मधलं बोट. पुन्हा थाप, पालथा हात उलटा. पुन्हा थाप, पुन्हा उलटा. आठ मात्रांचा आदिताल. जरा जास्त ठसठशीत, मला दिसेल असा. हिरव्या काचेच्या दोन बांगड्या दर थापेला किंचित वर सरकत होत्या. तीन-चार आवर्तनं मी नुसती पाहिली, मग माझाही हात निघाला. मध्येच चुकले तेव्हा तुम्ही डाव्या हाताने माझी करंगळी धरून दाबलीत, आणि नजर पुन्हा मंचावर.

तनी आवर्तन सुरू झालं, गायिका गप्प बसली, मृदंगम् आणि घटम् एकमेकांशी बोलू लागले, तशी अर्धी रांग कॉफीला उठली. तुमचे गुडघे दुखत होते, तुम्ही जिना चढताना म्हणाला होतात. तुम्हालाही उठून पाय मोकळे करायचे असणार. पण हात दांड्यावर तसाच चालत राहिला, ते दोघे मूळ पदावर येईपर्यंत. बरोबर समेवर आले, आणि मी बरोबर तिथेच होते! मावशी, इतकी वर्षं गाणं ऐकतेय, पण अशी जागा क्वचितच सापडली.

जाणकार माणसं नवख्यांना कशी वागवतात, ते मी आमच्याकडे पुष्कळ पाहिलंय. भलत्या जागी टाळी पडली की तीन माना वळतात. पुढचे सोफे पाहुण्यांसाठी राखीव, पाहुणे दीपप्रज्वलन करून, शाल-श्रीफळ घेऊन निघून जातात, आणि सोफे रिकामेच राहतात. मागे पोरं उभी. तुम्ही मला काय येतं, कोणाकडे शिकले, काही विचारलं नाहीत. शिकवतेय असंही दाखवलं नाहीत. जिथे बघायला हवं तिथे हात ठेवलात, बस्स. असं करायला ज्ञान लागतं, ते कित्येकांकडे असतं. मन फार थोड्यांकडे असतं.

शेवटी त्या मुलीने एक अभंग घेतला. आमच्यासाठी नव्हे, तिथे घेतातच म्हणे. पण “विठ्ठल” ऐकल्याबरोबर तुम्ही ह्यांना कोपर मारलंत, हे मात्र आमच्यासाठीच.

तर आता पुढच्या डिसेंबरचं. तिकिटांची खिडकी उघडली की जीटीचं रिझर्व्हेशन करतोय. संत्र्याची बर्फी आणते, तुमच्या नातवाला आवडली नाही तर चिवडाही आणते. कॉफीचे पैसे या वेळी मी देणार, वाद घालायचा नाही. आणि ह्यांनी तनी आवर्तनात उठायचं नाही, असं माझ्यासमोर कबूल केलंय. तेव्हा तीन खुर्च्यांवर रुमाल टाकून ठेवा.

तुमची,
नागपूरची एक ऐकणारी