व्हिसा फ्रॉडच्या बातमीत बचावाची बाजू पण छापा की

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

अमेरिकेत आपल्याकडचा कुणी व्हिसा फ्रॉडमध्ये पकडला गेला की बातमी लगेच येते, आरोपीचं नाव, कंपनीचं नाव, "१० वर्षं जेल होऊ शकते", संपलं. पुढे त्या माणसाचं काय झालं हे सहा महिन्यांनी, वर्षानं कधीच येत नाही. मी वकील नाही, पण इथे न्यू जर्सीत वकिलांच्या ऑफिसात फायली लावायचं काम बरीच वर्षं करतोय आणि अशा केसेस जवळून बघतोय, म्हणून म्हटलं एकदा लिहावंच.

पहिलं म्हणजे ते १० वर्षं. व्हिसा फ्रॉडचं मुख्य कलम म्हणजे अमेरिकी फेडरल (केंद्र सरकारच्या) कायद्यातलं १५४६, त्यात दहशतवाद किंवा ड्रग्ज नसेल तर पहिल्या-दुसऱ्या गुन्ह्याला जास्तीत जास्त १० वर्षं, म्हणजे ती वरची मर्यादा आहे, खरी शिक्षा त्याच्या खूप खाली असू शकते. दुसरं, इंडाइटमेंट (ग्रँड ज्युरीनं मंजूर केलेलं आरोपपत्र) झालं म्हणजे गुन्हा सिद्ध झाला असं लोक धरून चालतात. ग्रँड ज्युरी म्हणजे चार्ज लावायचा का एवढंच ठरवणारं सामान्य नागरिकांचं मंडळ, त्यात १६ ते २३ माणसं असतात, त्यातल्या १२ जणांनी हो म्हटलं की चार्ज लागतो आणि त्या खोलीत आरोपीच्या वकिलाला प्रवेशच नसतो. म्हणजे फक्त सरकारचं ऐकून झालेलं असतं, बस्स. तुमची बातमी बहुतेक वेळा याच टप्प्यावर थांबते.

आता खरी लढाई कुठे होते ते सांगतो. सरकारला नुसता कागद खोटा होता एवढं दाखवून चालत नाही, या माणसाला ते खोटं आहे हे माहीत होतं हे संशयाला जागा न ठेवता सिद्ध करावं लागतं. एच-वन-बी चं, म्हणजे नोकरीच्या व्हिसाचं, उदाहरण घ्या. त्याचा आय-१२९ पिटिशन नावाचा अर्ज भरते कंपनी, सही कंपनीची, त्याला जोडलेलं क्लायंटचं (ज्याच्याकडे प्रत्यक्ष काम करायचं त्याचं) पत्र पण कंपनीनंच आणलेलं, पोरगा भारतात बसून फक्त पासपोर्टची कॉपी आणि डिग्री पाठवतो. नंतर कळतं की तो क्लायंट, तो प्रोजेक्ट असलं काही नव्हतंच आणि इथे येऊन हा बेंचवर, म्हणजे कामाविना बसून. मग त्याला काय माहीत होतं आणि कधी कळलं यावरच सगळी केस उभी राहते किंवा पडते, आणि ते ठरतं जुन्या ईमेल आणि व्हॉट्सॲपवरून. "क्लायंट कोण विचारलं तर हे नाव सांग" असा मेसेज कन्सल्टन्सीनं (म्हणजे त्याच कंपनीनं) पाठवला आणि यानं "ओके सर" लिहिलं, की वकिलाचं अर्धं बळ गेलं. उलट यानं तीन वेळा विचारलंय की प्रोजेक्ट खरा आहे ना आणि समोरून हो हो आलंय, तर तोच मेसेज सोन्याचा. म्हणून मेसेज डिलीट करू नका हे कुठलाही चांगला वकील पहिल्या दिवशी सांगतो, कारण ते सरकारकडे आधीच असू शकतात आणि डिलीट करणं हा वेगळाच गुन्हा होऊन बसतो.

डीएस-१६० ची, म्हणजे व्हिसाच्या ऑनलाइन अर्जाची, गोष्ट मात्र वेगळी. फॉर्म एजंटनं भरून दिला तरी शेवटचं सहीचं बटन अर्जदारानं स्वतः दाबायचं असतं. "मी वाचलंच नव्हतं" हे तिथे फार लांब जात नाही, तरी एजंटनं काय भरलं, याला काय सांगितलं, याला इंग्रजी किती कळत होतं हे ज्युरीसमोर मांडता येतं.

अजून एक मुद्दा असतो, खोट्यामुळे खरंच काही फरक पडला का. २०१७ मध्ये सुप्रीम कोर्टानं मास्लेन्याक नावाच्या बाईंच्या केसमध्ये हा प्रश्न हाताळला. बोस्नियातून रेफ्युजी म्हणून आलेल्या, नवरा तिकडे कुठल्या लष्करी तुकडीत होता ते लपवलं होतं, नंतर सिटिझन झाल्या. सरकारचं म्हणणं होतं की प्रक्रियेत कुठेही खोटं बोललं की झालं, नागरिकत्व गेलं. कोर्ट म्हणालं तसं नाही, त्या खोट्याचा नागरिकत्व मिळण्यात काहीतरी हात असायला हवा, आणि खालच्या कोर्टाचा निकाल रद्द करून केस परत पाठवली. पण हे नागरिकत्वाच्या कलमाबद्दल आहे, सगळ्या व्हिसा केसेसना जसंच्या तसं लागत नाही. व्हॉट्सॲप ग्रुपवर कुणी तरी हा निकाल टाकतं आणि लोकांना वाटतं सुटलो, म्हणून मुद्दाम सांगतोय.

न्यूयॉर्कच्या भारतीय दूतावासातल्या अधिकारी देवयानी खोब्रागडे यांचं प्रकरण तर आपल्या सगळ्यांना आठवत असेल, डिसेंबर २०१३, न्यूयॉर्क. घरकामाच्या बाईच्या व्हिसा अर्जात पगार एक दाखवला आणि दिला त्याहून बराच कमी, असा आरोप होता. आपल्याकडे महिनाभर झडती आणि अपमान यावरच लिहिलं गेलं (संतापण्यासारखं होतंच ते), पण कोर्टात केस कशावर पडली? मार्च २०१४ मध्ये जजनी इंडाइटमेंट रद्द केलं कारण ते दाखल झालं त्या दिवशी त्यांना पूर्ण डिप्लोमॅटिक इम्युनिटी (राजनैतिक अधिकाऱ्यावर खटला चालवता येत नाही असं संरक्षण) होती. आरोप खरे का खोटे यावर कोर्ट काहीच बोललं नाही, दोनच दिवसांत सरकारनं नव्यानं इंडाइटमेंट आणलं. हा बचाव तुमच्या आमच्या कामाचा नाही हे वेगळं.

फार्मिंग्टन युनिव्हर्सिटी, मिशिगन, २०१९. सरकारनंच उघडलेलं खोटं कॉलेज. तेव्हा सगळे म्हणत होते हा तर सापळा, केस टिकणारच नाही. पण एन्ट्रॅपमेंटचा (सरकारनंच गुन्ह्यात अडकवलं असा) बचाव तेवढ्यावर मिळत नाही, कोर्ट विचारतं की सरकारनं भरीला घातलं का आणि तू आधीपासूनच तयार होतास का. विद्यार्थी गोळा करणाऱ्या ८ जणांवर क्रिमिनल केस झाली, त्यातल्या बहुतेकांनी गुन्हा कबूल केला. बाकी जी शंभरावर मुलं पकडली ती इमिग्रेशनच्या सिव्हिल (म्हणजे गुन्हेगारी नसलेल्या) कारवाईत, त्यांच्यावर क्रिमिनल चार्ज नव्हताच, आणि आपल्या बातम्यांमध्ये या दोन्हीची पार खिचडी झाली होती. पुढे २०२४ मध्ये एका विद्यार्थ्यानं फीच्या पैशांसाठी सरकारवर केलेला दावा चालू द्या असं अपील कोर्टानं सांगितलं, ते किती जणांनी छापलं?

क्रिमिनल आणि इमिग्रेशन ही दोन कोर्टं वेगळी आहेत हे घरच्यांना कळलं पाहिजे कारण वकिलाचा प्रश्न तिथेच येतो. फेडरल क्रिमिनल कोर्टात पैसे नसतील तर सरकारी खर्चानं वकील मिळतो, सिटिझन असो नसो, आणि हे फेडरल डिफेंडर लोक कामाला बरेचदा महागड्या वकिलांच्या तोडीचे असतात. इमिग्रेशन कोर्टात असा फुकट वकील मिळायचा हक्क नाही. आणि ज्या वकिलानं एच-वन-बी फाइल केलं तो कंपनीचा पण वकील असतो, त्याच्याकडे धावत जाऊन सगळं सांगू नका, उद्या कंपनी आणि तुम्ही समोरासमोर उभे असाल.

फेडरल केसेसमध्ये १०० पैकी साधारण ९० जण शेवटी गुन्हा कबूल करतात, ट्रायल फार थोड्यांची होते. म्हणून प्ली (गुन्ह्याची कबुली) म्हणजे नेमकं काय कबूल करतोय हे महत्त्वाचं. २०१० च्या सुप्रीम कोर्टाच्या पडिला निकालापासून डिपोर्ट व्हायची शक्यता असेल तर ती आरोपीला सांगणं वकिलावर बंधनकारक आहे. १५४६ खाली शिक्षा १२ महिने किंवा जास्त लागली की ती सहसा ॲग्रव्हेटेड फेलनी (इमिग्रेशन कायद्यातला सगळ्यात गंभीर गुन्ह्यांचा गट) धरली जाते आणि इमिग्रेशनमधली जवळजवळ सगळी दारं बंद. ११ महिन्यांत पण वाचेलच असं नाही, पण काही दारं किलकिली राहतात, म्हणून वकील एकेक महिन्यासाठी भांडत असतात आणि घरचे म्हणतात लवकर मिटवा, काय एका महिन्यानं फरक पडतो. जामिनाचं पण तसंच, जजनी सोडलं तरी आयसीई (इमिग्रेशनची अटक करणारी सरकारी यंत्रणा) बाहेर उभं राहून ताब्यात घेऊ शकतं, त्यामुळे जामीन मागायच्या आधी इमिग्रेशनवाल्या वकिलाशी बोलावं लागतं.

या सगळ्याच्या आधी येतो तो पहाटेचा दरवाजा. दोन सरकारी तपास एजंट, एकदम सभ्य, "फक्त थोडे प्रश्न आहेत". आपली माणसं लपवण्यासारखं काही नाही म्हणून बसवून घेतात आणि घाबरून एखादी तारीख, एखादं नाव जाणूनबुजून चुकीचं सांगतात. मूळ फ्रॉड सिद्ध झाला नाही तरी एजंटशी खोटं बोलल्याचे ५ वर्षांपर्यंत होऊ शकतात. गप्प बसायचा हक्क व्हिसावाल्यालाही आहे. वकिलाशी बोलून सांगतो, एवढंच म्हणायचं.

आणि एक, तुमचे वाचक तिकडचे आईवडील आहेत म्हणून त्यांच्यासाठी खास. मुलगा अडचणीत आहे कळलं की मागच्या तारखेचं एक्स्पिरियन्स लेटर, कुणाच्या तरी ओळखीनं शिक्का, असली मदत पाठवू नका हो. फेडरल तपासात अडथळा आणायला बनवलेल्या खोट्या कागदाला २० वर्षांपर्यंत शिक्षा आहे, म्हणजे मूळ गुन्ह्याच्या दुप्पट, आणि ते कागद कुणी मागवले हे फोनमध्ये असतंच.

पुढच्या वेळी अशी बातमी छापाल तेव्हा कलम कुठलं, केस क्रिमिनल का इमिग्रेशनची, आणि आरोपीच्या वकिलाचं म्हणणं काय, एवढ्या तीन ओळी तरी घाला. कोर्टाची बहुतेक कागदपत्रं ऑनलाइन मिळतात, थोडे पैसे पडतात.

आपला,
एक वाचक, न्यू जर्सी