लोक विचारतील तेव्हा माझा नंबर द्या

प्रिय आई आणि बाबा,
सप्रेम सलाम.

आई, परवा फोनवर तू म्हणालीस की चर्चमध्ये तुला एवढं कशाला धावायला हवं, शांत बसून उपासना ऐक आणि घरी ये, बाकीचे आहेत की करायला. तेव्हा मी बसमध्ये होते, नीट बोलता आलं नाही. म्हणून आता लिहितेय, म्हणजे मी बोलतेय आणि फोन लिहितोय, बाबा तुला वाचून दाखवतील.

आधी बाबांशी बोलायचंय. बाबा, जीन टेस्टचा रिपोर्ट आल्यापासून तुम्ही गप्प झालात ते मला इकडे वास्कोत बसूनही कळतं. आरपी, म्हणजे रेटिनायटिस पिगमेंटोसा, ज्यात डोळ्यांचा आतला पडदा हळूहळू निकामी होऊन नजर जाते, हा आजार साधारण ४००० माणसांत एकाला असतो, आणि आपल्या घरात झालं ते एवढंच की तुमच्याकडे आणि आईकडे त्या जीनची एकेक बिघडलेली कॉपी होती, तुम्हा दोघांचे डोळे ठणठणीत, त्यामुळे कळायचं कसं, आणि अशा आईबापांच्या प्रत्येक मुलामागे चारात एक शक्यता असते की दोन्ही बिघडलेल्या कॉपी त्यालाच मिळतील. दादाला नाही मिळाल्या, मला मिळाल्या. यात कुणाचं पाप नाही. योहानाच्या शुभवर्तमानाच्या नवव्या अध्यायात शिष्यांनी येशूला हेच विचारलं होतं ना, हा जन्मापासून आंधळा, मग पाप कुणाचं, याचं की याच्या आईबापांचं, आणि येशूने सरळ सांगितलं, दोघांचंही नाही. तुम्हीच मला हे लहानपणी शिकवलंत.

पण त्याच अध्यायात पुढे एक गोष्ट आहे, तिच्यावर उपदेश फारसा कुणी करत नाही. येशूने त्या आंधळ्याला दृष्टी दिल्यावर परुशी, म्हणजे तेव्हाचे यहुदी धर्मपुढारी, त्याच्या आईबापांना बोलावून घेतात, याला आता दिसतं कसं म्हणून त्यांची चौकशी करतात, आणि ते म्हणतात, तो मोठा झालाय, त्यालाच विचारा. ते घाबरून बोलले, सभास्थानातून बाहेर काढतील म्हणून, ते खरंय. पण बोलले ते बरोबरच होतं असं मला वाटतं.

नगरच्या त्या सभेत बाहेरून आलेल्या प्रचारकाने माझ्या डोळ्यांवर हात ठेवून प्रार्थना केली, आणि काही झालं नाही तेव्हा सगळ्यांसमोर तुम्हाला विचारलं, घरात कुणी काही लपवलंय का. बाबा, त्या रात्री तुम्ही जेवला नाहीत. मला आजही जास्त लागतं ते हे की मी तिथेच उभी होते आणि मला त्याने एक शब्द विचारला नाही. बायबलमधला तो भिकारी बार्तिमय आंधळा आहे हे अख्ख्या यरीहो गावाला दिसत होतं, तरी येशूने त्याला थांबवून विचारलं, मी तुझ्यासाठी काय करावं असं तुला वाटतं. विचारलं आधी.

इकडे आल्यावर पाळकसाहेबांनी मला हेच विचारलं. तुमच्यासाठी प्रार्थना करू का, असं नाही, तर तुम्हाला मंडळीत काय करायला आवडेल. मी म्हटलं, उपासनेत शास्त्रपाठ, म्हणजे बायबलमधला त्या दिवसाचा भाग, वाचेन.

आता ते कसं चालतं ते सांगते कारण आईला वाटतं मला कुणीतरी कानात सांगतं. शनिवारी संध्याकाळी फोनवर तो भाग ऐकते आणि ब्रेल स्लेट, म्हणजे खाचांची पट्टी, आणि स्टायलस, म्हणजे टोचणी, घेऊन जाड कागदावर टोचून काढते, त्यासाठी बँकेतली जुनी कॅलेंडरं जमवलीत, तो कागद छान टिकतो. लिहायचं उजवीकडून डावीकडे, उलटं, मग पान पालटलं की उंचवटे वर येतात आणि डावीकडून वाचायचं. वाचताना उजव्या हाताचं बोट ओळ संपवत असतं तोवर डावं पुढच्या ओळीच्या सुरुवातीला जाऊन थांबतं, म्हणून मध्ये अडखळत नाही. तिशीनंतर शिकले म्हणून वेग यायला फार वेळ लागला. पावसाळ्यात मात्र त्रास आहे, गोव्याची हवा एवढी दमट की कागद मऊ पडतो आणि ठिपके बसतात, मग रविवारी सकाळी पान इस्त्रीच्या कपड्यांसारखं जपत डब्यात घालून न्यावं लागतं. पण लोक सांगतात की तू वाचतेस तेव्हा ऐकावंसं वाटतं. मलाही तसंच वाटतं, कारण प्रत्येक शब्द आदल्या दिवशी हाताखालून गेलेला असतो.

आणि नुसतं वाचन नाही. आपल्या मंडळीत पोर्टातून रिटायर झालेली बरीच म्हातारी माणसं आहेत, कोल्हापूर-बेळगावकडची, मुलं बाहेर. त्यांना मी फोन करते, स्तोत्र वाचते, मग पेन्शनच्या गोष्टी निघतात. नोव्हेंबर आला की हयातीच्या दाखल्यासाठी सगळे मलाच विचारतात, बँकेतली ना मी. मला ही सेवाच वाटते आई, व्यासपीठावरच्या सेवेइतकीच.

रॅम्पचं तर तुम्हाला सांगायचंच राहिलं. चर्चच्या दारात तीन पायऱ्या आहेत, आणि एक काका पॅरालिसिस झाल्यापासून येईनासे झाले. पणजीला २०२३च्या जानेवारीत अपंगांसाठीचा पहिला पर्पल फेस्ट झाला तिथे मी गेले होते, रॅम्प कसा असावा ते तिथे नीट समजून घेतलं, एक फूट चढायला बारा फूट लांबी लागते. आपल्या पायऱ्या दीड फुटाच्या, म्हणजे अठरा फूट, आणि अंगणात तेवढी सरळ जागा नाही, म्हणून मध्ये सपाट जागा ठेवून वळवावा लागला. कमिटीत एकजण म्हणाले, एका माणसासाठी एवढा खर्च? मी म्हटलं, एकच दिसतो कारण बाकीचे आधीच घरी बसलेत. दुसऱ्या एकाने जुन्या करारातल्या लेवीयचा एकविसावा अध्याय काढला, व्यंग असलेल्या याजकाने वेदीजवळ जाऊ नये तो. मला तो अध्याय टोचतो, खोटं कशाला बोलू. पण त्यातच लिहिलंय की त्याने देवाची भाकर खावी, परमपवित्र सुद्धा, आणि येशूच्या मरणाच्या वेळी परमपवित्र जागेपासून लोकांना अडवणारा मंदिराचा पडदा वरून खालपर्यंत फाटला, मग आता कोण कुणाला अडवणार? रॅम्प झाला. काका येतात, आणि गुडघे दुखणाऱ्या सगळ्या आज्या पण त्यावरूनच येतात.

दगदग होते, हो. दामोदराच्या भजनी सप्ताहाच्या दिवसांत वास्कोत जत्रेची दुकानं रस्त्यावर येतात आणि काठीने पाठ केलेली वाट सापडत नाही, तेव्हा शेजारची कॅथलिक बाई हात धरून चर्चच्या गेटपर्यंत सोडते. रविवारी दुपारी मी मेल्यासारखी झोपते. पण आई, नुसतं घेत बसायचं, सगळ्यांनी माझ्यासाठी प्रार्थना करायची आणि मी आमेन म्हणायचं, याने मी जास्त थकत होते.

म्हणून एक मागणं आहे. नगरच्या चर्चमध्ये कुणी विचारलं, बेबीचं कसं काय, तिला झेपतं का, तिच्या डोळ्यांसाठी उपास ठेवू का, तर तुम्ही उत्तर देऊ नका. म्हणा, ती मोठी आहे, तिलाच विचारा, आणि माझा नंबर द्या. मला प्रार्थना हवीच आहे, पण कशासाठी करायची ते मी सांगेन.

आणि नाताळाला या. गोवा एक्स्प्रेस नगरहून थेट वास्कोलाच येते, कुठे बदलायची नाही. बाबा, येताना तुमची भजनांची वही आणा, तुम्ही डिक्टेट करा, मी ब्रेलमध्ये उतरवून घेते. लोअर बर्थ मी इकडून बुक करते, तारीख तेवढी कळवा.

तुमची,
बेबी